सेव्हचं बटण

लियाकत: बंद कर ते, समिना. शिकवणी पुरे. मानसिंग गेला.

समिना: कोण, वडगावचे मानसिंगकाका? मामू, परवा तर इथं बसून चहा पिऊन गेले!

लियाकत: हा बघ मेसेज. दूध संस्थेचा. तासाभरापूर्वी आलेला, मी आत्ता बघतोय. "आमचे सभासद मानसिंग गेणबा जगताप यांचे दुःखद निधन. उद्या सकाळचे संकलन अर्धा तास उशिरा." शाळेपासूनचा दोस्त माझा, आणि मला मेसेजवर कळतंय.

समिना: फोन लावलात?

लियाकत: उचलत न्हाय. रडारड चालली असंल, कोण उचलणार? गाडीची चावी कुठं ठेवली मी?

समिना: हातातच आहे तुमच्या. बसा आधी. हा मेसेज संस्थेतून कोण टाकतं?

लियाकत: कुणी टाकत न्हाय. सभासदाच्या नावापुढं 'मयत' आलं की आपोआप जातो सगळ्यांना. संस्थेचं सॉफ्टवेअर लिहिलं तवा मीच करून ठेवलंय ते.

समिना: आणि मघाशी, मी प्रोग्रॅम लिहायचं नवं फ्रेमवर्क शिकवत होते, त्यात काय करून बघत होतात?

लियाकत: तू दाखवलीस तीच यादी. चालू, बंद, मयत. निवडून बघितली, चालतीया झकास.

समिना: कुणाच्या नावावर?

लियाकत: मानसिंगच्या. वीस वर्षं चाचणीला त्यालाच मारतोय मी. त्यालाबी ठाऊक हाय, हसतो. सेव्ह दाबायचं न्हाय, की झालं.

समिना: मामू, यात सेव्ह नाही.

लियाकत: म्हंजे?

समिना: इथं निवडलं की तिकडची नोंद लगेच बदलते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वा, काय सोय आहे!

लियाकत: पण ती तर सरावाची माहिती...

समिना: मी सरावाचीच जोडून दिली होती. अबक, कखग अशी नावं होती त्यात.

लियाकत: ती मी काढली. तसल्या नावांवर मला काम सुचत न्हाय.

समिना: मग जोडलंत काय? संस्थेची खरी यादी?

लियाकत: या अल्ला. पण मग तो फोन का उचलंना?

(लियाकतचा फोन वाजतो.)

लियाकत: मान्या? मान्या, तूच बोलतोयस का?

मानसिंग: न्हाय, वरनं बोलतोय! आरं, मोटार चालू कराया गेल्तो, फोन घरी. माघारी येतोय तर दारात ही गर्दी. ही सांगतीया, ते रानात हायती, तर कुणी ऐकंना. मला बघून एकाच्या हातातला हार पडला.

लियाकत: माझ्यामुळं झालं रं.

मानसिंग: ते वळखलंच मी. पन तू सेव्ह दाबत न्हवतास की!

लियाकत: घरात सगळी ठीक हायती ना?

मानसिंग: आमची जयवंताअक्का तिकडं अंथुर्णे गावासनं रडत निघालीया. एसटीत हाय, फोन लागंना तिचा.

लियाकत: मी जातो स्टँडवर. उतरली की सांगतो तिला.

मानसिंग: तू नगं. तुजं तोंड बघून तिला खरंच वाटंल. मीच जातो.

समिना: मामू, आधी यादीत 'चालू' निवडा. काकांचं नाव.

लियाकत: निवडलं. आता?

समिना: आता काही नाही. झालं.

मानसिंग: झालो का जित्ता? ठेवू मग फोन?

लियाकत: थांब, मान्या. ह्यात सेव्ह न्हाय. तू जरा बोलत ऱ्हा.