बॅटरी कोण उतरवतं?

तुम्ही वॉचमनवर संशय घेताय, तर आधी माझं ऐका. मी कंपनीच्या बसने हडपसरला जायचो आणि नवी गाडी आठवडाभर कोथरूडला सोसायटीत उभी असायची. शनिवारी किल्ली फिरवावी, तर बॅटरी उतरलेली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, बॅटरी चांगली आहे. गाडीत कोणीतरी काहीतरी चालू ठेवतंय."

मी वॉचमनला धारेवर धरलं, वरच्या मजल्यावरच्या पोरांची उलटतपासणी घेतली, ड्रायव्हिंग शिकणाऱ्या शेजारणीशी बोलणं टाकलं. शेवटी एक दिवस अर्धी रजा काढून दुपारी जिन्यात दबा धरून बसलो.

अडीच वाजता माझे वडील आले. खडकीच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते. घरातल्या दुसऱ्या किल्लीने गाडी उघडून आत बसले, काच थोडी खाली केली आणि रेडिओ लावून डोळे मिटले.

"बाबा, इथे काय करताय?"

"घरात तुझ्या आईची ट्यूशन असते. इतकी वर्षं दुपारी मी घरी नसायचो. आता कुठे बसावं, कळत नाही."

"मग मला सांगायचं ना. महिनाभर मी सगळ्यांना विचारत फिरतोय."

"बघत होतो," बाबा म्हणाले. "मला सोडून सगळ्यांना विचारलंस."