पोर्चचा कोपरा

उल्का : ...आणि देव क्लॉझेटमध्ये ठेवलेत, विंटर जॅकेटांच्या मागे. एजंट प्रताप म्हणाला, विकायचं घर न्यूट्रल दिसलं पाहिजे.

रविकांत : देव न्यूट्रलच असतात. चाळीस वर्षांत एकदा तरी माझी बाजू घेतली का त्यांनी?

उल्का : अहो, तो वरच्या खोल्यांचे फोटो संपवून आता बेसमेंटमध्ये येईल. तुमच्या लाकडी चित्राचा हा भुसा, हे पापुद्रे, आवरा सगळं.

रविकांत : बोलू नकोस. कोपऱ्यावर आलोय.

उल्का : मार्चपासून कोपऱ्यावरच आहात.

रविकांत : सुरीचं पातं कोपऱ्याकडे नेलं की पुढे घसरतं. मग पोर्चच्या छपराची चीर थेट आभाळात जाते. म्हणून आधी टोकात रोवायचं आणि बाहेर ओढायचं. दोन्ही अंगांनी. मग कोपरा कसा, इस्त्रीच्या घडीसारखा... हं. गेलं. टोक तुटलं.

उल्का : परत?

रविकांत : मेपलचं लाकूड ठिसूळ असतं.

उल्का : मागच्या आठवड्यात अक्रोडाचं ठिसूळ होतं. अनुयाला मी काय सांगू? तुम्हीच तिला शब्द दिलात, लाकडाच्या तुकड्यांचं हे आपल्या घराचं चित्र पुरं झालं की विक्रीच्या कागदांवर सही करतो. पोरीने आपल्यासाठी एटोबिकोचा कॉन्डो धरून ठेवलाय.

रविकांत : बघून आलो ना. बाल्कनीतून विमानांची पोटं दिसतात.

उल्का : ती तिथून दोन मिनिटांवर राहते. जानेवारीत बर्फ शोव्हल करताना तुम्ही ड्राइव्हवेत पडलात, तेव्हा तिला इथे व्हिटबीला पोचायला दीड तास लागला.

रविकांत : पडलो नव्हतो. बसलो होतो.

उल्का : बर्फात? चष्मा शेजाऱ्यांच्या अंगणात ठेवून?

रविकांत : तू वर जा बरं. हात हलतो माझा.

उल्का : हात हलत नाही तुमचा. तीच तर गंमत आहे.

(उल्काने स्वेटरच्या खिशातून टिश्यूची पुडी काढली आणि प्रसाद द्यावा तशी त्याच्यासमोर उघडली. आत पोर्चच्या कोपऱ्यासाठी कापलेले मेपलचे नखाएवढे तिकोनी तुकडे होते.)

रविकांत : हे कुठे मिळाले?

उल्का : रिसायकलिंगच्या ब्लू बिनमध्ये. एकाचंही टोक मोडलेलं नाही.

रविकांत : त्यांच्या रेषा जुळत नव्हत्या.

उल्का : काल तुम्ही वॉकला गेलात, तेव्हा एक बसवून पाहिला. असा बसला की काढताना नखाने उचकटावा लागला.

रविकांत : अनुयाला सांगितलंस?

उल्का : नाही.

रविकांत : का?

उल्का : ती विचारेल, बाबा असं का करतात. मग मला उत्तर द्यावं लागेल.

रविकांत : बसवू मग? ग्लू तुझ्या हाताशीच आहे. आत्ता चिकटवला तर संध्याकाळी सही.

उल्का : बसवा... अहो, थांबा. यात माझी किचनची खिडकी कुठाय?

रविकांत : ती मागच्या बाजूला. हे चित्र रस्त्यावरून दिसतं तसं आहे.

उल्का : म्हणजे घर अर्धंच झालंय.

रविकांत : मागची बाजू काढायची तर नवीन चित्र लागेल.

उल्का : त्या खिडकीला बारीक चौकटी आहेत ना हो?

रविकांत : नऊ. एकेका चौकटीला चार कोपरे.

उल्का : घाई नका करू. पण यंदा बर्फ काढायला माणूस लावायचा. आणि ते अनुयाला तुम्ही स्वतः सांगायचं. जानेवारीचंही. 'बसलो होतो' न म्हणता.

रविकांत : सांगतो. हा कोपरा बसवू ना?

उल्का : बसवा. छान झालाय.

रविकांत : आणि प्रताप?

उल्का : फोटो राहू देत, जेवूनच जा म्हणते त्याला. आठवडाभर फोडणी बंद केलीय त्याने माझी, घराला वास लागतो म्हणून. घालतेच आता.