भंगारातून परत आलेली खुर्ची

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी सरकारी कचेरीतल्या एक कारकूनबाई आणि त्यांची नणंद नंबराची वाट बघत बसल्या होत्या.

"वहिनी, तुमच्या कचेरीत नव्या खुर्च्या आल्या म्हणे?"

"नव्या कसल्या गं. जुन्याच दुरुस्त केलेल्या घ्यायच्या, असा वरून आदेश आलाय. वस्तू वाया जात नाहीत म्हणे."

"चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे. पण माझ्या वाट्याला आलेली खुर्ची माझीच निघाली."

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी कचेरीनं भंगारात काढलेली. खुर्चीच्या हाताखाली मी पिनेनं बदक कोरलं होतं, ते अजून तसंच आहे."

"अगं बाई, मग काढली कशाला होती?"

"एक चाक अडकायचं. दुरुस्त करा म्हणून तीनदा अर्ज दिला. म्हणाले, दुरुस्तीची तरतूद नाही."

"आणि आता?"

"आता दुरुस्त केलेली विकत घ्यायची तरतूद आहे."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, बाई, कुठे बोलू नका, चौकशी लागेल."

"मग?"

"मग म्हटलं, साहेब, या महिन्यात मी निवृत्त होतेय. दोन वर्षांनी मलाही गुडघे बदलून परत घ्या."

"हसले असतील."

"छे. म्हणाले, अर्ज करून ठेवा."