अनसूयाक्काचा हात आणि पूजेतला कागद

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. गेल्या वर्षीची तीन जून. सोनगिरीच्या एसटी स्टँडसमोर एक टेम्पो मागं मागं आला, अनसूया गुरव नावाच्या बाईला त्याचा धक्का बसला आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. घडलं ते एवढंच! पण मंडळी, ऐका— हात मोडायला दोन सेकंद लागले, आणि त्या हाताची गोष्ट आज मी तुमच्यापुढं उभा आहे तरी संपलेली नाही!

पूर्वरंगात आपण प्रश्न काय घेतला? आपल्या जिवाभावाच्या माणसाला वाचवायला खोटं बोललं, तर ते पाप की पुण्य? पुढच्या रांगेतल्या आजींनी लगेच बोट वर केलंय— पुण्य! मागं खांबाला टेकलेल्या काकांनी डोळे मिटलेत. ते विचार करताहेत असं आपण धरून चालू! आख्यान संपेपर्यंत कुणी उत्तर बदललं, तर माझी हरकत नाही.

तर ही अनसूया कोण? वय चोपन्न. सिद्धेश्वराच्या देवळात हार-गजरे करणारी. पहाटेच्या गाडीनं फुलांची टोपली यायची, ती उतरवून घ्यायची आणि साडेसातच्या आरतीच्या आत सव्वा हाताचा हार देवाच्या गळ्यात! सुई अशी चालायची, की बघणाऱ्याला दोरा दिसायचाच नाही. नवरा धोंडिराम गिरणीतून निवृत्त झालेला. त्याचं काम एकच, तयार झालेल्या हारात खोड काढायची. "अगं, शेवंती जरा डावीकडं झुकली." "अहो, तुम्हीच झुकलाय. चष्मा सरळ करा!" असा सुखाचा संसार.

आणि टेम्पो कुणाचा? इथं गोष्ट अडते, मंडळी! टेम्पो मल्हारी शेलारचा. मांडव घालणारा. शेजारच्या आळीत राहणारा. अनसूयेला सख्खा भाऊ नाही. बावीस वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दिवशी ही ताट घेऊन दारात नुसतीच उभी होती, ते मल्हारीनं पाहिलं. सरळ येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "अक्का, मला भूक लागलीय, लवकर ओवाळ!" तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. असा भाऊ! त्याच भावाच्या टेम्पोनं, मांडवाचे बांबू भरलेले असताना, आरसा न बघता...

मल्हारी खाली उडी मारून आला, तो रडतच. समोरच्या टपरीवाल्या रशीदभाईंनी खांद्यावरचा पंचा काढून तिचा हात गळ्यात बांधला. मल्हारीनंच तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी केसपेपर ओढला आणि विचारलं, "कसं लागलं?"

मल्हारीनं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी अनसूया बोलली— "देवळाच्या पायरीवरून घसरले."

तीन शब्द! डॉक्टरांनी लिहून घेतले. अपघात नाही म्हटल्यावर पोलिसांना कळवायचा प्रश्न नाही. मल्हारी गप्प राहिला. का राहिला? घाबरला म्हणून. अनसूया का बोलली? तिला वाटलं, दवाखान्याचा सगळा खर्च, पुढं हाताची भरपाई, सगळं मल्हारीच्या बोकांडी बसणार. त्याचा टेम्पो विकला जाणार, दोन पोरांची शाळा सुटणार. बहिणीच्या डोक्यात हे सगळं क्षणात येऊन गेलं. आजी, तुम्ही अजून मान हलवताय— पुण्य! हलवा, हलवा.

आता खोट्याचा स्वभाव बघा. खरं एका जागी बसून राहतं. खोटं घराबाहेर पडतं आणि गावभर जेवणं करत फिरतं! आठ दिवसांत गावात झालं— अनसूयाक्का देवळाच्या पायरीवरून पडली. देवस्थानच्या विश्वस्तांची बैठक बसली. आपल्याकडं बैठक एकदा बसली की सहसा उठत नाही, पण ही उठली! एकमतानं ठराव: "श्रीमती अनसूया गुरव पडून जखमी झाल्याने पायरीस लोखंडी कठडा बसवावा." कठडा बसला. निळा रंग दिला. आणि नारळ कुणाच्या हस्ते? अनसूयेच्या! डाव्या हातानं फोडला बिचारीनं. टाळ्या झाल्या. देवाच्या पायरीवर आळ आला आणि वर तिलाच नारळाचा मान मिळाला. आत गाभाऱ्यात देव हसला असेल का हो? मला तर वाटतं, हसलाच असेल.

पण हात काही हसेना! प्लॅस्टर निघालं. हाड वाकडं जुळलेलं. चिमटीत सुई धरवेना. दोन बोटं मिटतच नव्हती. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया केली तर बोटं पुन्हा चालतील, डॉक्टर म्हणाले, पण आजपासून वर्ष-दीड वर्षाच्या आत करायला हवी, नाहीतर ती तशीच आखडतील. खर्च ऐकून धोंडिरामनं पहिल्यांदाच कशात खोड काढली नाही. देवाला बाजारातून तयार हार येऊ लागले. प्लॅस्टिकच्या दोऱ्यात ओवलेले. अनसूया रोज सकाळी निळ्या कठड्याला धरून पायरी चढायची आणि खाली मान घालून बसायची. त्या कठड्याची तिला लाज वाटायची.

नऊ सप्टेंबर. देवळाच्या सभामंडपात कायद्याच्या सल्ल्याचं मोफत शिबिर भरलं. टेबलाशी बसलेल्या ॲडव्होकेट हर्षदा टिळेकर, वय असेल तीस. लोकांनी आधी एकमेकांना विचारलं, "वकील कधी येणार?" त्या म्हणाल्या, "आल्यात, बोला!"

पहिला एक बाप. मुलाला परदेशात नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटनं पासपोर्टच ठेवून घेतलेला. बाई म्हणाल्या, "काका, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात ठेवायची चीज नाही. आधी तो परत मागा, लेखी मागा. एजंटची सरकारकडं नोंदणी आहे का ते बघा. सह्या कशावर केल्यात?" "वाचलं नाही, ताई. माणूस फार गोड बोलत होता." मग एक तरुण बाई. संमतीनं घटस्फोट घ्यायचा होता. नवऱ्यानं आणलेल्या कागदावर 'पोटगी नको' असं लिहिलेलं, आणि हिनं भिडेखातर सही केलेली. बाईंनी कपाळाला हात लावला. "सही करायच्या आधी आला असतात, तर आज एवढी धावपळ नसती. तरी बघू. अर्ज कोर्टात गेला, तरी विचार बदलायला साधारण सहा महिने मिळतात. आज सगळं बुडालेलं नाही."

अनसूया मागं बसून ऐकत होती. दुखणी वेगळी होती, पण दोन्हींच्या मुळाशी कागद न वाचता हलवलेली मान होती. ती उठली, टेबलापाशी गेली आणि बाईंच्या कानाशी लागून सगळं खरं सांगून टाकलं. पायरी, टेम्पो, भाऊ, नारळ. सगळं!

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, टेम्पोचा विमा होता का?"

"मला काय ठाऊक!"

"गाडी रस्त्यावर आणायची तर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाईचा विमा कायद्यानं घ्यावाच लागतो. विमा चालू असेल, लायसन बरोबर असेल, तर तुमच्या हाताची भरपाई विमा कंपनी देते. मल्हारीभाऊंच्या खिशातून जात नाही!"

मंडळी, त्या क्षणी अनसूयेचा चेहरा डोळ्यांपुढं आणा! ज्या भावाला वाचवायला हात पणाला लावला, त्या भावावर ते संकट आलेलंच नव्हतं!

"मग खरं सांगितलं असतं तर..."

"तर आतापर्यंत दावा उभा राहिला असता. अजून वेळ आहे. कायद्यात सहा महिन्यांची मुदत सांगितलीय. तिच्यावर कोर्टात वाद चाललेत, पण आपण वादाच्या भरवशावर बसायचं नाही. स्त्रियांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फक्त एक गोष्ट लागते." बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "तुमच्या भावानं पोलिसांपुढं खरं सांगायला हवं. आणि मावशी, ते सोपं नाही. निष्काळजीपणे गाडी चालवल्याची केस त्याच्यावर होईल. ती विमा कंपनी अंगावर घेत नाही."

आता सांगा! बहिणीनं जावं की न जावं?

ती गेली. संध्याकाळी साडेपाचला. मल्हारी अंगणात बांबू मोजत होता. तिनं सगळं सांगितलं. केस होईल हेही लपवलं नाही. मल्हारीनं हातातला बांबू खाली ठेवला. मग म्हणाला, "अक्का, विम्याचा कागद आहे की! दर दसऱ्याला पूजा करतो मी त्याची."

घरात गेला, देव्हाऱ्याखालचा डबा काढला. कागद निघाला. हळदीनं पिवळा, कुंकवानं लाल, कोपऱ्यात झेंडूची वाळलेली पाकळी. दर वर्षी विमा काढला, दर वर्षी टेम्पोबरोबर त्या कागदाला ओवाळलं, आणि आत काय लिहिलंय ते एकदाही वाचलं नाही! हसू नका! तुमच्याकडचा कागद कुठल्या डब्यात आहे ते आधी आठवा!

मुदत बघायची होती, तर नेमकी तारखेवर हळद! मल्हारीच्या बायकोनं ओल्या फडक्यानं पुसली. मुदत चौदा ऑगस्टपर्यंत. अपघात तीन जूनचा. विमा चालू होता! लायसनही चालू होतं.

"पण मल्हारी, तुझ्यावर केस..."

"अक्का," तो म्हणाला, "दवाखान्यात तू बोललीस ते एकदाच. मी मात्र तीन महिने रोज गप्प बसतोय. तुझ्यापेक्षा जास्त खोटं मी बोललोय. उद्या दहा वाजता तयार राहा."

दहा सप्टेंबरला जबाब झाला. रशीदभाईंनीही दिला. स्टँडसमोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र गेलेलं— तीस दिवसच राहतं. वीस नोव्हेंबरला दावा दाखल झाला. मुदतीला तेरा दिवस शिल्लक. तारखा मी कागदावरून सांगतोय, मंडळी, मनानं नाही.

आणि आता या वर्षीची अकरा सप्टेंबर. न्यायाधिकरणापुढं अनसूयेची उलटतपासणी. विमा कंपनीचे वकील उठले. माणूस सभ्य, आवाज लोण्यासारखा.

"बाई, हा केसपेपर. 'पायरीवरून घसरले.' तुमचेच शब्द?"

"माझेच."

"हा देवस्थानचा ठराव. तुम्ही पडलात म्हणून कठडा बसवला. नारळ कुणी फोडला?"

"मीच."

कोर्टात हशा! न्यायाधीशसाहेबांनी वर पाहिलं, हशा थांबला.

"मल्हारी शेलार तुमचा मानलेला भाऊ. बहीण-भावांनी मिळून हा दावा रचलाय, असं माझं म्हणणं आहे."

बघा मंडळी! बावीस वर्षांचं प्रेम, आणि कोर्टात तेच पुरावा म्हणून उलटलं!

"आता मला एवढंच सांगा, खोटं तेव्हा बोललात, की आज बोलताय?"

अनसूयेनं वाकडा हात साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला. लाकडी कठडा होता हा, निळा नव्हे. म्हणाली, "तेव्हा बोलले, साहेब. पायरीला बायकापोरं नसतात, माझ्या भावाला आहेत. म्हणून पायरीचं नाव घेतलं. आज खरं बोलले, तर त्याच भावावर केस झाली. खोटंच चालवायचं असतं, तर पायरीवरच ठेवलं असतं की! पायरीवर खटला होत नाही."

विमा कंपनीचे वकील कागद चाळत राहिले. मग डॉक्टरांची साक्ष झाली. असं हाड पायरीवरून पडूनही मोडतं आणि गाडीच्या धक्क्यानंही मोडतं, असं ते म्हणाले. खरं तेच बोलले. पण त्यानं पारडं ना इकडं झुकलं, ना तिकडं!

तर आता आपला प्रश्न— पाप की पुण्य? आजी, आता बोट अर्धंच वर आलंय! मी निकाल देणारा कोण? मी एवढंच बघतो. तिच्या खोट्यानं भाऊ वाचला नाही, कारण त्याला त्या संकटातून वाचवायची गरजच नव्हती. आणि तिच्या खऱ्याला आज त्या तीन शब्दांचं ओझं उचलून चालावं लागतंय. प्रेम होतं, खोटं नव्हतं ते. माहिती तेवढी नव्हती!

तुमचं सांगतो. आज घरी गेलात की देव्हाऱ्याखालचा, गादीखालचा, लग्नाच्या अल्बममधला कागद काढा. पुसा आणि वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर सुनेकडून वाचून घ्या, तेवढ्यानं बोलणंही सुरू होईल! डॉक्टरांनी 'कसं लागलं' विचारलं तर लागलं तसं सांगा. कुणी सही मागितली, तर म्हणा, "उद्या करतो, आज वाचतो." भीड वाटेल. वाटू द्या. भिडेनं आजवर कुणाचा हात सरळ झालेला मी पाहिलेला नाही.

गेल्या पंधरवड्यात भाऊबीज झाली. मल्हारी येऊन पाटावर बसला. त्याच्यावरचा खटला चालूच आहे. अनसूयेनं ताट डाव्या हातात घेतलं, दुसरी बाजू उजव्यानं पेलेना, निरांजन कलंडायला लागलं. मल्हारीनं बसल्या जागेवरून हात वर केला आणि ताटाची ती बाजू धरली. स्वतःला ओवाळून घ्यायचं ताट त्यानं स्वतःच धरलं! धोंडिराम म्हणाला, "ताट डावीकडं झुकलंय." दोघं एकदम म्हणाली, "गप्प बसा हो!"

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी सांगितलेल्या मुदतीतले दोन महिने उरलेत. बोटं अजून मिटत नाहीत. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपलाय. निकालाची तारीख पुढच्या महिन्याची अठरा, सकाळी अकरा. पहाटेची गाडी धरून बहीण-भाऊ दोघंही जाणार आहेत. टेम्पो घरीच ठेवणार.