आत द्यायचा कागद

वाशिमच्या कोर्टात, फुकट वकील मिळतो त्या खोलीबाहेर, विजयमाला नंबरची वाट पाहत बसली होती. ‘आत देऊन ये’ म्हणून दिरानं दिलेला कागद पिशवीत होता. शेजारी आसेगावच्या मायलेकी हळू बोलत होत्या, पण बाकडंच एवढंसं.

“माय, आत साफ सांग, मदत पाह्यजे.”

“मले नाही पाह्यजे. पैसे घेतले का केस मिटते.”

“ते गावच्या बैठकीत. हे सरकार देते, दादाचा हात निकामी झाला म्हणून. केस चालूच राह्यते.”

“सरकार कायले देईन? हात का सरकारनं तोडला?”

“वकीलबाईनं सांगतलं ना. अर्ज फुकट आहे.”

“फुकट म्हणणाऱ्याचं मले भेव वाटते, स्नेहा. उकंडरावही फुकटच म्हणे.”

“उकंडराव? त्याच्याच पोरानं दादाले मारलं! तो काहून आल्ता?”

“सरकारी मदतीचा कागद घेऊन. म्हणे, पोरगं चुकलं, मदत मी मिळवून देतो, फक्त अंगठा द्या.”

“माय! देला तू?”

“मले का येडी समजली? म्हटलं, पोरगी वाचन, मंग पाहू. हे घे.”

स्नेहा वाचता वाचता थांबली.

“काय लिवलं?”

“आमची काई तक्रार नाही, केस मांग घेतो. मदतीचं नावही नाही.”

“पाह्य! आन् आतल्या कागदावर काय राहीन?”

“तोही मीच वाचन.”

विजयमालानं पिशवीतला कागद काढला.

“पोरी, एवढा माहाही वाच वं.”

तिच्या अंगठ्यावरची शाई अजून निघाली नव्हती.