रिशीव्हरले खोली पायजे

माही गोष्ट कायले लिहून राहिले जी तुम्ही, मी आंधळगावची कोष्ट्याची बाई, जलमापासून कोशाचं रेशमी सूत अन् मागाची खटखट, आनखी काय. लग्न होऊन आली तवा कांड्या भराचं काम बाईचं अन् मागावर बसाचं काम मानसाचं, पन माहे मालक गेले तशी मीच त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. लोकं काय काय बोलले, बोला म्हटलं, तुमच्या बाचं काय जाते? त्याच मागाच्या कमाईवर माहा पोरगा सुनील शिकला, आता जवाहरनगरले नोकरी करते.

काय सांगू तुम्हाले, मांगच्या महिन्यात त्याले टीव्हीच्या आवाजासाठी रिशीव्हर, म्हंजे आवाज मोठा कराचा डबा अन् त्याचे स्पीकर, घ्याचा होता. म्हने आई, चाल भंडाऱ्याले, तुहे कान चांगले आहेत, कोनता गोड वाजते ते तू सांग. मी बी बह्याड, फुगली. दुकानात एकच गानं दोन रिशीव्हरवर लावाले सांगतलं, दोन्ही स्वस्तातलेच. मोठ्यावर नुसतं धडधड, छातीत लागे, लहान्यावर बाईचा आवाज साफ, शब्द न् शब्द समजे. मी म्हटलं हाच घे. याचं मन मोठ्यावर. तं दुकानदार म्हने, भाऊ, आधी खोली केवढी ते सांगा, लहान खोलीत मोठा लावसान तं आवाज नुसता गुंजन. अन् हा काय म्हनते, समोरची खोली आहे जी, चांगली मोठी, पुरी मोकळी.

मोकळी? अरे मोकळी कशी, माहा माग का हवेत टांगला आहे? तं माह्याकडं न पाहता म्हनते, आई, तो काढाचाच आहे, खड्डा बुजवून टाइल लावतो, मिस्त्रीले सांगून ठेवलं. सांगून ठेवलं म्हने! मिस्त्रीले सांगतलं, दुकानदाराले सांगतलं, अन् मले नुसते कान द्याले आनलं. आगच लागली माह्या आंगात. म्हटलं, दुकानदार भाऊ, त्या खोलीत माग आहे, मागावर मी आहे, उरलेल्या जागेत जे मावते ते दाखवा. तो बिचारा कधी ह्याच्याकडं पाहे, कधी माह्याकडं. सुनील म्हने, चारचौघात काहून शोभा करून राहिली? म्हटलं शोभा तू केली, मी तं खोली कशी आहे तेवढं सांगतलं.

घेतला त्यानं मोठाच, जिद्दीनं. गाडीवर येतानी मोहाडीच्या रस्त्यावर मले विचारते, आई, आनखी किती वर्स बसशीन मागावर? म्हटलं सरळ विचार ना रे, आनखी किती वर्स जगशीन. त्यानं गाडीची रेसच वाढवली.

मिस्त्री आला होता, त्याले मी दारातूनच वापस धाडला. रिशीव्हरचं खोकं पलंगाखाली पडून आहे, अन् मी सकाळी उठून मागावर बसते, सूत ठोकाची फनी मुद्दाम जोरात हानते, ऐकू जाऊ दे. तो बोलत नाही माह्याशी, नको बोलू. पोटचं लेकरू आहे, सुखी राहो, काही कमी न पडो त्याले. पन लईच घाई असन तं माह्या तेरवीले उघड म्हटलं ते खोकं, लाव तुहा रिशीव्हर, तवा खोली मोकळीच राहीन.