मिस इमोजीन आणि बारीक दोरी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मासेमारी मंडळाच्या सर्वेसर्वा श्रीमती लोरेन हॅचर, व्यासपीठावर विराजमान पाद्री व्हिटेकर, आजच्या सत्कारमूर्ती मिस इमोजीन प्रुइट, माझी पत्नी नेडीन, कंटाळा आल्यास पळता यावं म्हणून दाराशीच बसलेला माझा मेहुणा गार्लंड, आणि तळलेल्या कॅटफिशच्या वासाने ज्यांचं लक्ष केव्हाच स्वयंपाकघराकडे लागलं आहे अशा माझ्या बंधुभगिनींनो!

मिस इमोजीन उद्या टल्साला बहिणीकडे कायमच्या निघाल्या आहेत. धक्क्यावरचं त्यांचं आमिषाचं दुकान बंद झालं. का झालं, याबद्दल गावात बरंच बोललं जातं. कुणी गुडघे म्हणतं, कुणी वय म्हणतं. खरं कारण आज सांगायची परवानगी त्यांनी मला दिली आहे, ती एका अटीवर: भाषणात मासा मोठा करून सांगायचा नाही. मी प्रयत्न करीन.

तुम्ही मला ओळखत होतात ते आवाजावरून. हा हॉलिस क्रेटन आपल्या तलावावर आला की पलीकडच्या काठाला कळायचं. जाड दोरी, वजनदार लोखंडी आमिष, धपकन फेकायचं आणि खसाखसा ओढायचं. बुलडोझर चालवणारा माणूस मासा तरी वेगळ्या पद्धतीने कसा धरणार? मग मेंदूचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून राहू लागला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी गळाच्या काठ्या गॅरेजमध्ये टाकल्या आणि खिडकीचे पडदे लावून घेतले. तलाव दिसायला नको म्हणून.

नेडीनने मला एक दिवस गाडीत कोंबलं आणि आमिषाच्या दुकानात उभं केलं. मिस इमोजीन काउंटरमागून म्हणाल्या, "उजवा गेला म्हणे तुझा. मग डावा कुठे गेला?"

ही सहानुभूती बघा!

त्यांनी मला काडीसारखी काठी दिली. तिच्यावर केसासारखी दोरी, हरभऱ्याएवढं शिसं आणि करंगळीएवढं रबरी गांडूळ. डाव्या हातात काठी, डावी तर्जनी दोरीवर, आणि दोरी गुंडाळणारं रीळ फिरवायला तो मेलेला उजवा. पहिल्याच दिवशी मी गांडूळ फेकून काठीला झटके द्यायला लागलो.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"आमिष नाचवतोय, मिस इमोजीन."

"कुणी सांगितलं नाचवायला?"

"मग काय करू?"

"काहीही करू नकोस. तळाला जाऊ दे. पडून राहू दे. आणि बोटाला काय कळतंय ते मला सांग."

"काही कळत नाहीये."

"मग तेच सांग."

सगळा वसंत हेच. बास मासा इतक्या हलक्या गांडुळाला झटका देत नाही. तो नुसतं तोंडात धरतो. दोरी किंचित जड होते, ओलं पान चिकटल्यासारखी. तेवढंच. त्या क्षणी हिसका दिला की दोरी तुटली. मी किती तोडल्या, ते त्यांनी कधी मोजलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या मागे बसून एकच विचारत राहायच्या, "दोरी कुठे चाललीय, हॉलिस? डावीकडे की उजवीकडे?" मला वाटायचं, शिकवण्याची पद्धत आहे.

आणि मग आपली जोडीची स्पर्धा आली. ठरल्या वेळेत सर्वांत मोठा एक मासा आणणारी जोडी जिंकणार. माझ्या जोडीला मिस इमोजीन. आदल्या रात्री उत्तरेचं वारं सुटलं, पाणी गारठलं आणि मासे तोंड उघडेनात. धक्क्यावर गार्लंड ओरडला, "अरे हॉलिस, गांडुळं घेऊन आलायस! मासा धरायचाय की बाग लावायचीय?" हो गार्लंड, सगळं लक्षात आहे. खाली बस.

मिस इमोजीननी बोट बुडालेल्या देवदारांच्या खाडीत नेली. दुपार टळली तरी काही नाही. बाकीच्या बोटी परतायला लागल्या होत्या. तेवढ्यात बोटाखाली ओलं पान आलं.

मी हिसका दिला नाही. दोरी ताणून घेतली, काठी हळू उचलली, आणि खालून जे निघालं त्याने रिळाला किंचाळायला लावलं. मासा झाडांकडे सुटला. तिथे एक फांदी लागली की संपलं. मला रीळ फिरवायचं होतं आणि उजवी बोटं मिटत नव्हती. नियम असा की जोडीदाराने काठीला हात लावला तर मासा बाद.

"मिस इमोजीन, तो कुठे वळतोय बघा! मला हाताकडे बघायचंय!"

त्या मागे जाळं चाचपत होत्या.

"अहो, दोरी बघा ना!"

"मला दोरी दिसत नाही, हॉलिस."

मला वाटलं, उन्हाची तिरीप आली असेल.

"गेल्या उन्हाळ्यापासून समोरचं मधलं सगळं पुसलं गेलंय," त्या म्हणाल्या. "कडेचं तेवढं दिसतं. ते परत येणार नाही म्हणतात. तूच बघ आणि तूच सांग."

"मग सकाळी बोट कुणी चालवली?"

"मीच. चौकशी नंतर कर, आधी मासा सांभाळ!"

मंडळी, बुडालेल्या झाडांमधून ज्यांनी बोट नेली होती, त्यांना समोरचं दिसत नव्हतं! पण मासा थांबायला तयार नव्हता. मी नजर दोरीवर ठेवली आणि हाताला त्याच्या नशिबावर सोडलं. बोटं कधी मिटली मला कळलं नाही. रीळ फिरलं. पुन्हा फिरलं. मासा वर आला, तोंड उघडून डोकं झटकलं आणि बोटीखाली घुसला. मिस इमोजीन जाळं घेऊन गुडघ्यांवर बसल्या.

"सांग!"

"डावीकडे. अजून. खाली घाला... थांबा! आता उचला!"

जाळं जड होऊन वर आलं. आम्ही दोघं बोटीच्या तळाशी बसलो. अट पाळतो: मासा मोठा होता, एवढंच.

पण परतायचं होतं. खाडीच्या तोंडाशी लाटा फेसाळत होत्या, मधे बुडालेले बुंधे. मिस इमोजीननी सवयीने चाक धरलं आणि मी म्हटलं, "नाही." पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं. माझा उजवा हात तर रिळाच्या मुठीवर आवळून बसला होता, उघडेना. त्यांनी एकेक बोट सोडवलं. मग मी डाव्या हाताने चाक धरलं आणि इंजिनाचा वेग त्यांच्या हातात दिला. मी ओरडायचो, "कमी! कमी! आता द्या!" एक बुंधा बोटीच्या बुडाला खरवडून गेला. त्या म्हणाल्या, "हा मला ठाऊक होता. पुढचा उजवीकडे." आणि तो तिथेच होता.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा वेळ संपली होती. घड्याळ लोरेनबाईंच्या हातात होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी आम्हाला बाद केलं. बाई, तेच योग्य होतं. ढाल गार्लंडला मिळाली. त्याचा मासा आमच्या माशाच्या शेपटीएवढा होता, हे मी म्हणत नाही, त्या दिवशी मासे जिवंत ठेवायच्या पाण्याच्या टाकीत डोकावलेले सगळे म्हणतात. मिस इमोजीननी आमचा मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि तो स्वतःहून जाईपर्यंत सोडला नाही. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "डोळ्यांचं कुणाला बोलू नकोस. उरलेल्या दिवसांत मला दुकान चालवायचंय, दया गोळा करायची नाहीये." मी बोललो नाही. आता दुकान त्यामुळेच बंद झालं, म्हणून आज बोललो.

परवा मी त्यांना विचारलं, निरोपाची भेट काय देऊ? मंडळाने घड्याळ ठरवलं होतं, क्षमा असावी, ते मी परत करायला लावलं. त्या म्हणाल्या, "तुला शिकवायला लागल्यापासून मी स्वतः गळ टाकलेला नाही रे. मागे बसून बसून कंटाळले." तर उद्या बहिणीची गाडी यायच्या आधी आम्ही खाडीत जातो आहोत. काठी त्यांच्या हातात असेल. दोरी दिसण्याची त्यांना गरज नाही, दोरीवरची तर्जनी पुरे. सुकाणूवर मी. आणि मागे बसून काही विचारायचं नाही, अशी सक्त ताकीद मला मिळाली आहे.

मिस इमोजीन, तुमचे आभार. नेडीन, त्या दिवशी मला गाडीत कोंबल्याबद्दल तुझेही. झटक्यानंतर माझी जीभ अजून मधूनमधून अडखळते, त्यामुळे कुणाचं नाव चुकलं असेल, कुणाचा मान राहिला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. आणि गार्लंड, बसून राहिल्याबद्दल तुझेही आभार. मासे गार होताहेत. चला.